पीककर्जाच्या रांगेत पॉलिसी नको

जूनमध्ये कधी आमच्या बँकेच्या शाखेत या. दहा वाजायच्या आत रांग पायऱ्यांखाली गेलेली असते. कोणाला पीककर्ज नवं-जुनं करायचं असतं, कोणाचा आठ-अ राहिलेला असतो. पाऊस तोंडावर, कृषी केंद्रवाला उधारीला तयार नाही. कास्तकार वर्षात सगळ्यात जास्त अडलेला असतो तो याच दिवसांत. आणि नेमकं तेव्हाच आम्ही त्याला विम्याची पॉलिसी विकतो. हे थांबायला पाहिजे, आणि हे मी काउंटरच्या आत बसून म्हणतेय.

बँकवाल्यांच्या लंच टाइमवर विनोद करा, खुशाल करा. कॅश कमी भरली तर संध्याकाळी स्वतःच्या पर्समधून टाकावी लागते, हे विनोद करणाऱ्याला माहीत नसतं. असो. ते काम जड असलं तरी सरळ आहे. वाकडं आहे ते टार्गेटचं. सकाळी वरून व्हॉट्सॲपवर विचारणा होते, आज किती लॉगिन, म्हणजे पॉलिसीचे किती अर्ज चढवले? शाखेने किती पासबुकं भरून दिली, किती म्हाताऱ्यांचे अंगठे जुळवले, हे कोणी विचारत नाही.

विक्री कशी होते ते सांगते. "काका, कर्जासोबत हे घ्यावं लागते," एवढं एक वाक्य पुरतं. ते खोटं आहे. पीककर्जाला जीवन विम्याची सक्ती नाही. पीकविमासुद्धा २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे. मग विमा कंपनीचा फोन येतो, सगळं समजलं का विचारायला. फोन स्पीकरवर, बाजूला आमचा माणूस उभा, मान हलवून 'हो म्हणा' सांगत. काका पाचही प्रश्नांना "हो जी" म्हणतात. झाली पडताळणी.

पुढच्या जूनमध्ये तेच काका विचारतात, "मॅडम, पैशे काहून कापले?" त्यांच्या हिशेबी ती एफडी होती. निघतं ते युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेला विमा, पाच वर्षं पैसे अडकलेले आणि दुसरा हप्ता ऐन पेरणीत. म्हणजे सात टक्क्यांचं, वेळेवर भरलं तर चारवर येणारं कर्ज काढायचं आणि त्यातून बाजाराला बांधलेली पॉलिसी चालवायची! हा हिशेब कोणत्या शहाण्याने बसवला, एकदा भेटायचं आहे मला त्याला.

विमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट गावात ज्याची खरी गरज आहे तो विमा आमच्याकडे आहे, फक्त त्याचं नाव घ्यायला कोणाला गोडी नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा हा अपघाताचा, वर्षाला २० रुपये; प्रधानमंत्री जीवन ज्योती हा जीवन विमा, ४३६ रुपये. दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. साप चावून किंवा वीज पडून माणूस गेला तरी २० रुपयेवाला लागू होतो, आणि आपल्याकडे पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, काय कमी साप निघतात? पण हप्ता मेअखेर आपोआप कापला जातो, आणि मेमध्ये कास्तकाराचं खातं रिकामं असतं. विमा तिथेच तुटतो, घरच्यांना कळतं ते दावा करायला आल्यावर. माझं चाललं असतं तर टार्गेट याचं दिलं असतं, मेअखेर किती खात्यांत ४५६ रुपये शिल्लक होते, याचं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही बँकांना सुनावलं होतं की चुकीच्या विमा विक्रीमुळे ग्राहकाला कर्ज महाग पडतं. आमच्या ग्रुपवर मात्र लॉगिनचा आकडा विचारणं काही थांबलेलं नाही.

ज्यांच्या घरी अशी पॉलिसी आली असेल त्यांनी कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत परतीचा अर्ज द्यावा; किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्या. शाखेने टोलवलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार टाका. महिनाभरात काही हाललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. चौकशीचा नंबर १४४४८, तक्रारीला पैसा लागत नाही.