मासिकांनी आपल्या गाड्यांची बदनामी केली? जुने अंक उघडले तर वेगळंच दिसतं

जुन्या स्पोर्ट्‌स कार सांभाळणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि दर वेळी तो आणखी ठाम होऊन परत येतो. त्याचं सार असं: मोटारींच्या मासिकांनी आपल्या गाड्यांबद्दल खरं कधी लिहिलंच नाही. वेगाचे आकडे कंपन्यांनी हातात दिलेले, गाड्यांवर मारलेले शिक्के अज्ञानातून आलेले. लिहिणाऱ्यांना धड गाडी चालवता येत नव्हती, मालकांना कुणी विचारलं नाही, आणि आज किमती आवाक्याबाहेर गेल्या त्यालाही मासिकंच कारणीभूत. तेव्हा जुने अंक रद्दीत घाला, गाडी फक्त मालकालाच कळते.

हे ऐकून लोक खरोखर अंक रद्दीत घालतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. गाडी नवी असताना ती कशी होती याची तारखेसह केलेली नोंद त्या अंकांमध्ये आहे. ती गेली की मागे उरतात फक्त आठवणी, आणि त्या गाडीच्या प्रत्येक विक्रीबरोबर थोड्या बदलतात.

सर्वांत वजनदार आरोप आकड्यांचा आहे. त्याचा आवडता पुरावा म्हणजे जॅग्वार ई-टाइप. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि त्याच महिन्यात ‘द ऑटोकार’ने तिची चाचणी छापली: ताशी १५०.४ मैल. ‘द मोटर’ला दुसऱ्या गाडीत १४९.१ मैल मिळाले. ग्राहकांना विकलेल्या गाड्या मात्र या आकड्याच्या बऱ्याच खाली राहिल्या. चाचणीच्या गाड्या खास तयार केलेल्या होत्या, हे आता कुणीच नाकारत नाही. इथवर दावा बरोबर आहे.

पण आपल्याला हे कळलं कशावरून? मासिकांनी आकडा छापला आणि गाडीची ओळखही उघड ठेवली. ९६०० एचपी आणि ७७ आरडब्ल्यू या दोन नंबरप्लेट जगभरच्या जाणकारांना पाठ आहेत. त्यामुळे नेमक्या कोणत्या गाड्यांनी तो वेग गाठला, त्या कारखान्यातल्या कोणत्या टप्प्यावरच्या होत्या आणि त्यांच्यावर काय काम झालं होतं, याचा माग पुढच्या पिढ्यांना काढता आला. फसवणूक जॅग्वारच्या तयारीत होती. मासिकाने त्याला दिलेल्या गाडीचा वेग मोजला आणि तो तसाच लिहिला. तो आकडा तुमच्या गाडीचाही आहे, असं समजणारा वाचक तेव्हाही चुकत होता आणि आजही चुकतो.

याहून वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे, आणि तेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मार्च १९६४ च्या ‘कार अँड ड्रायव्हर’मध्ये पॉन्टिॲक जीटीओ आणि फेरारी जीटीओ यांची तुलना गाजली. फेरारी चाचणीला आलीच नव्हती. पॉन्टिॲकने शून्य ते साठ मैल ४.६ सेकंदांत गाठल्याचं छापलं गेलं. त्या गाडीत ३८९ घनइंचांच्या इंजिनाऐवजी ४२१ घनइंचांचं इंजिन बसवलेलं होतं, हे पॉन्टिॲकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्स यांनीच नंतर सांगितलं. संपादकांनी बॉनेटखाली नीट पाहायला हवं होतं. तो अंक आकड्यांसाठी विश्वासाचा नाही, आणि मी तो कुणाशी वाद घालताना कधी वापरणार नाही. मात्र एका अंकावरून साठ-सत्तर वर्षांच्या सगळ्या चाचण्या निकालात काढणं हा न्याय नव्हे. वेग मोजायला गाडीच्या मागे पाचवं चाक लावायचं, दोन्ही दिशांनी धावायचं, सरासरी काढायची, वजन, इंधनाचा खप आणि ब्रेक लावताना पेडलवर पडणारा जोर लिहून ठेवायचा, ही शिस्त अनेक मासिकांनी दशकानुदशकं पाळली. आपल्यापैकी किती मालकांनी स्वतःच्या गाडीचं वजन एकदा तरी काट्यावर केलं आहे?

अश्वशक्तीवरून होणारी ओरड तर बहुतेक वेळा गैरसमजातून होते. १९७१ च्या कॉर्व्हेटमधलं एलटी-१ इंजिन ३३० अश्वशक्तीचं म्हणून छापलं गेलं आणि १९७२ मध्ये तेच इंजिन २५५ चं. अनेकांना यात लबाडी दिसते. पण त्या सुमाराला अमेरिकेत मोजण्याची पद्धत बदलली. आधी उघडं इंजिन स्टँडवर, पंखा, फिल्टर आणि पूर्ण एक्झॉस्टशिवाय मोजत. नंतर ते गाडीत बसवल्यावर जसं असेल तसं मोजू लागले. इंजिन तेच, मोजपट्टी वेगळी. ई-टाइपची प्रसिद्ध २६५ अश्वशक्तीही जुन्या पद्धतीची आहे. तुमच्या गाडीने डायनोवर, म्हणजे शक्ती मोजायच्या यंत्रावर, त्याहून बरीच कमी शक्ती दाखवली तर लगेच इंजिन उघडू नका, आणि जुन्या अंकाला शिव्याही घालू नका.

आता शिक्क्यांचा मुद्दा. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण मालकांचा खरा राग इथेच आहे.

ट्रायम्फ स्टॅग घ्या. १९७० ते १९७७ या काळात २५,८७७ गाड्या बनल्या आणि ‘तापणारी गाडी’ ही तिची ओळख झाली. आज स्टॅगचे मालक सांगतात की आमची गाडी कधीच तापत नाही, म्हणजे ती बदनामी होती. त्यांची गाडी तापत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. पण का तापत नाही? त्या व्ही-८ इंजिनाचा वॉटर पंप ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या, वरच्या भागात आहे, त्यामुळे कूलंटची पातळी थोडी उतरली तरी तो कूलंटऐवजी हवा ओढायला लागतो. ब्लॉक लोखंडाचा आणि त्याच्यावर बसणारे हेड ॲल्युमिनियमचे, म्हणून कूलंटमध्ये गंजरोधक नसेल तर आतून झीज होते आणि तो गाळ रेडिएटरमध्ये अडकतो. त्यात ओतकामातली वाळू काही ब्लॉकमध्ये तशीच राहिलेली. टायमिंग चेन वेळेवर बदलली नाही तर ती वेगळीच आपत्ती. हे सगळं माहीत असल्यामुळे कुणीतरी तुमचा ब्लॉक स्वच्छ केला, रेडिएटर बदलला, योग्य कूलंट भरला. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी हेड वाकवले, किंवा कंटाळून रोव्हरचं व्ही-८ नाहीतर फोर्डचं व्ही-६ बसवलं. बऱ्याच गाड्या तर भंगारात गेल्या. आज रस्त्यावर दिसणारी स्टॅग ही त्यातून वाचलेली आणि सुधारलेली गाडी आहे. तिच्याकडे बोट दाखवून १९७० च्या दशकातली तक्रार खोटी ठरवता येत नाही. दोष छापला गेला म्हणून त्यावरचा उपायही पसरला.

पोर्श ९११ च्या मागच्या टोकाबद्दलही तेच. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीची शेपटी पुढे यायला बघते, हे चाचण्यांमधून लिहिलं गेलं आणि चाहते चिडले. पण पोर्शने काय केलं ते पाहा. सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये वजनं बसवली. मग १९६९ च्या मॉडेलपासून व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,२११ मिलिमीटरवरून २,२६८ केला, म्हणजे मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली. तक्रार निराधार असती तर कारखान्याने हा खटाटोप केला नसता. आपण आज आधुनिक टायर लावून त्या जुन्या गाड्या चालवतो आणि म्हणतो, एवढं काही भयंकर नाही. टायर बदलले की गाडी बदलते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पोर्श ९२४ च्या बाबतीत मात्र मी मालकांच्या बाजूने आहे. ‘व्हॅनचं इंजिन’ हा शिक्का अन्यायाचा आहे. १९७६ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीच्या दोन लिटर इंजिनाचं नातं ऑडी १०० आणि फोक्सवॅगन एलटी व्हॅनशी आहे, हे खरं. पण ९२४ साठी वेगळं हेड आणि बॉशचं फ्युएल इंजेक्शन आलं, आणि युरोपातल्या गाडीला १२५ अश्वशक्ती मिळाली. शिवाय इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या आसाजवळ ठेवल्याने वजन दोन्ही आसांवर जवळजवळ सारखं वाटलं गेलं. गाडीचा खरा गुण तिथे आहे. ‘व्हॅन’ हा शब्द मथळ्यांतून चिकटला आणि उतरलाच नाही, हे मान्य. पण त्याच मांडणीच्या पोर्श ९४४ ला १९८४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’नेच अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये हाताळणीला सर्वांत चांगली ठरवलं. ज्यांना मथळा आठवतो त्यांनी हेही लक्षात ठेवावं. शिक्का मासिकाने मारला असेल, पण चाळीस वर्षं तो पुढे नेला तो चहा पिता पिता वाचलेलं अर्धवट सांगणाऱ्यांनी, आणि त्यात आपले मालकही आहेत.

लिहिणाऱ्यांना गाडी चालवता येत नव्हती, हा आरोप पटकन निकालात निघतो. ‘मोटर स्पोर्ट’चे डेनिस जेंकिन्सन इटलीतल्या १९५५ च्या मिले मिलिया शर्यतीत ब्रिटिश शर्यतपटू स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसले होते. सुमारे १,६०० किलोमीटरची शर्यत, १० तास ७ मिनिटं ४८ सेकंद, आणि प्रत्येक धोक्याच्या वळणाची नोंद हातातल्या कागदाच्या गुंडाळीवर. बेल्जियमचे पॉल फ्रेअर मोटारींवर लिहीत आणि १९६० ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत त्यांनी ऑलिव्हिए जांदबियांबरोबर फेरारीतून जिंकली. सगळे पत्रकार असे नव्हते. सगळे मालक तरी कुठे असतात?

मासिकवाल्यांना स्पोर्ट्‌स कार कळत नाहीत, असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकाराने माझ्दाच्या केनइची यामामोतो यांना सांगितलं की पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, हलकी आणि स्वस्त अशी उघडी दोन आसनी गाडी बनवा, ब्रिटिशांनी ती जागा मोकळी सोडली आहे. पुढे हॉल माझ्दातच गेले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ उभी राहिली. लोटस इलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांवर वर्षानुवर्षं प्रेमाने लिहिलं गेलं नसतं, तर अशी मागणी करणारा पत्रकार घडला असता का, याचा विचार करावा.

मालकांना कुणी विचारलं नाही, हेही खरं नाही. ‘रोड अँड ट्रॅक’ एकेका मॉडेलच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेत असे आणि काय बिघडलं, काय आवडलं, पुन्हा हीच गाडी घ्याल का, हे छापत असे. वाचकांच्या पत्रांची पानं वेगळीच. एखाद्या कार्ब्युरेटरच्या गोंधळावर त्या काळातल्या मालकाने काय उपाय केला, हे कधीकधी मुख्य लेखात नसतं, पत्रांत असतं.

किमतींचं खापर तर सरळ चुकीच्या माथ्यावर फुटतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी फेरारीच्या किमती भडकल्या. तेव्हा कर्ज स्वस्त होतं, जपानमध्ये पैशाचा पूर आला होता, आणि ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी गेल्यावर खरेदीची घाई आणखी वाढली. १९९० नंतर त्याच किमती कोसळल्या. मासिकं मात्र १९८९ मध्ये जेवढं कौतुक करत होती तेवढंच १९९२ मध्येही करत होती. कौतुकाने किमती चढत असत्या, तर त्या उतरल्या कशा? निस्सान स्कायलाइन जीटी-आर आर-३२ घ्या. १९८९ ची ही गाडी २०१४ मध्ये पंचवीस वर्षांची झाली, अमेरिकेचा आयातीचा नियम तिला अडवेनासा झाला आणि एक मोठी बाजारपेठ उघडली. किंमत तिथून हलली. एखादा मुखपृष्ठावरचा लेख महिना-दोन महिने चौकशा वाढवतो, एवढं मी मानतो. त्यापुढे नाही.

मासिकं ठरावीक चार नावांपलीकडे जात नाहीत, ही तक्रार मुखपृष्ठांपुरती बरोबर आहे. आतली पानं उलटा: टीव्हीआर, मार्कोस, सनबीम टायगर, फियाट ८५० स्पायडर, सगळ्या सापडतात.

राहिला शेवटचा युक्तिवाद, की आता व्हिडिओ आहेत, अंक कशाला. व्हिडिओत इंजिनाचा आवाज मिळतो, आणि तो मलाही हवा असतो. पण पुनर्बांधणीला लागणारी माहिती नवी गाडी असतानाच्या छायाचित्रांत असते: होजचा क्लॅम्प कोणता, डॅशबोर्डवरची स्विचं कोणत्या क्रमाने, सीटची शिवण कशी. तिथेही डोळे उघडे ठेवायला लागतात, कारण चाचणीची गाडी अनेकदा कारखान्याचा नमुना असते. ९६०० एचपी स्वतः प्रोटोटाइप होती, तिच्यावरून १९६४ ची ई-टाइप सजवली तर ती चुकीची होईल. सुरुवातीच्या सुमारे ५०० ई-टाइपना बॉनेटचं कुलूप बाहेरून, वेगळ्या किल्लीने उघडायचं होतं. ते छायाचित्र पाहून पुढच्या गाडीला बाहेरचं कुलूप बसवायचं नसतं. म्हणून अंकाची तारीख आणि आपला चासी नंबर शेजारी ठेवूनच पानं वाचायची.

ज्यांच्याकडे बांधणी केलेले जुने अंक आहेत आणि जे ते स्कॅन करत आहेत, त्यांना एक विनंती. फक्त रोड टेस्ट काढून बाकीचं टाकू नका. जाहिराती, सुट्या भागांच्या किमतींचे तक्ते, वाचकांची पत्रं आणि पुढच्या अंकातल्या दुरुस्त्या हेही घ्या. मासिकाने स्वतःची चूक कबूल केली असेल, तर ती बहुतेक वेळा त्या दुरुस्त्यांमध्येच सापडते.