मणक्याचं इन्फेक्शन आणि "तीन महिने पलंग सोडू नका" वाला मेसेज

"मणक्याला इन्फेक्शन झालंय तर तीन महिने पलंग सोडू नका, हललात की जंतू पसरतात, एमआरआय क्लिअर आल्याशिवाय फिजिओथेरपी करायची नाही, पट्टा वर्षभर काढायचा नाही" असा मेसेज फिरतोय. लोक काळजीपोटीच फॉरवर्ड करतात, पण ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांनी हे शब्दशः पाळलं तर पेशंट आणखी खचेल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

हललं की जंतू पसरतात, हे आधी डोक्यातून काढा. जंतू बहुतेक वेळा रक्तातूनच मणक्यात आलेले असतात आणि त्यांना आवरायचं काम अँटिबायोटिक करतं, पडून राहणं नाही. हालचालीत खरा धोका वेगळा आहे, हाड पोखरून मणका अस्थिर झाला असेल तर तो खचू शकतो, नसांवर दाब येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एकच, मणका स्थिर आहे का? अस्थिर असेल तर आराम, पट्टा, कधी ऑपरेशनसुद्धा, तिथे घाई नकोच.

आता ते तीन महिने. मणक्याच्या टीबीवर 1960च्या दशकात कोरियात मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. मसान शहरात काही पेशंटना सहा महिने हॉस्पिटलात झोपवून ठेवलं, बाकीच्यांना पहिल्यापासून हिंडूफिरू दिलं, औषधं दोघांना तीच. झोपून राहिलेल्यांना जास्त फायदा झाला नाही! पुसानमध्ये नऊ महिने प्लास्टरचं जॅकेट घातलेले आणि काहीच न घातलेले, तिथेही तेच. (पायातली ताकद इतकी गेलेली की चालताच येत नाही, असे पेशंट त्यात नव्हते, हे लक्षात ठेवा.) उलट नुसतं पडून राहिलं की स्नायू काही दिवसांतच झडायला लागतात, हाडं विरळ होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ, न्यूमोनिया, पाठीला जखमा, आणि मग उभं केलं की बीपी पडून चक्कर, असं सगळं मागे लागतं, वयस्कर माणूस तर यातून परत पायावर उभा राहायला फार झगडतो.

एमआरआय क्लिअर व्हायची वाट? तब्येत सुधारत असतानाही एमआरआयमधली सूज कित्येक महिने दिसत राहते. डॉक्टर ताप, दुखणं आणि सीआरपी, ईएसआर या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या बघतात. आणि फिजिओथेरपी म्हणजे लगेच व्यायामशाळा नव्हे हो, ती पलंगावरच सुरू होते: घोटे वरखाली करणं, खोल श्वास, मांडीचे स्नायू आवळणं, कंबर न पिळता अख्खं अंग एकदम कुशीवर वळवणं. मग काठावर बसणं, वॉकर धरून उभं राहणं, थोडंथोडं पण दिवसातून अनेकदा चालणं. बसल्यावर मणक्यावर भार बराच येतो त्यामुळे सुरुवातीला तासन्‌तास खुर्चीत बसवू नका. पुढे वाकणं, पिळणं, वजन उचलणं, आणि कुणाकडून पाठ चोळून किंवा मणका "बसवून" घेणं, हे मात्र पूर्ण बंद.

पट्टा किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, सरसकट वर्षभर नाही.

मेसेजमध्ये नसलेली पण घरोघरी होणारी चूक म्हणजे दुखणं थांबलं की गोळ्या थांबवणं. साध्या जिवाणूंच्या इन्फेक्शनला साधारण सहा आठवडे तरी अँटिबायोटिक लागतं, टीबीला वर्षभराच्या आसपास, बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायचं नाही. आणि पायात नव्याने ताकद कमी वाटली, बोटं बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, ताप परत आला तर व्यायाम तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.