डोळ्याचे पैसे नेमके कोणाच्या सोयीचे? ('स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार स्पष्टवक्ता (खरं नाव तुम्ही दिलेलं नाही, तेव्हा हेच चालवून घ्या). तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली पण उत्तर लगेच दिलं नाही, कारण तेव्हा जे सुचत होतं ते माझ्याच ब्लॉगवर मला शोभलं नसतं.

ज्यांनी मागचा लेख आणि त्याखालची कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेख मिश्नाबद्दल होता, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मपंडितांच्या) जुन्या कायद्यांच्या संग्रहाबद्दल, ज्यात डोळा फोडला तर पैशांत भरपाई द्यायला सांगितलंय. स्पष्टवक्ता यांचं म्हणणं असं, की तोरामध्ये (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात) 'डोळ्याबद्दल डोळा' स्वच्छ लिहिलेलं असताना "रब्बींनी आपल्या सोयीने त्याचे पैसे केले आणि तुम्ही ते आम्हाला न्याय म्हणून विकताय". शिवाय सगळं मुळात हम्मुराबीची (प्राचीन बॅबिलोनच्या राजाच्या कायद्यांची) कॉपी आहे, मी जोसेफस वाचलेला नाही, बेने इस्रायलींवर (कोकणातल्या ज्यूंवर) रब्बींनी केलेला अन्याय मी मुद्दाम गाळला, आणि शेवटी "घरबसल्या गुगलून विद्वान होणाऱ्यांची साथ आलीय".

आधी जे मान्य आहे ते सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. जोसेफसचा उल्लेख लेखात असता तर बरं झालं असतं. पहिल्या शतकातला हा ज्यू इतिहासकार लिहितो की ज्यानं दुसऱ्याचा अवयव निकामी केला त्याचाही तोच अवयव जावा, पण जखमी माणूस पैसे घ्यायला तयार नसेल तरच. तुम्ही यातलं पहिलं अर्धं वाक्य कोट केलंत आणि दुसरं सोडलंत, आणि वर मला विचारताय वाचलाय का म्हणून. असो.

आता ते 'सोयीने' प्रकरण. हे मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी बरीच वर्षं जिल्हा कोर्टात मोटार अपघात दाव्यांची कामं केली आहेत. डोळा गेलेला क्लीनर, पाय गेलेला हमाल, त्यांची बायकापोरं, कायमच्या अपंगत्वाचे दाखले, विमा कंपनीच्या वकिलाची ती ठरलेली उलटतपासणी, हे सगळं मी गुगलवर पाहिलेलं नाही. एका माणसाचा भाऊ मला कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाला होता, साहेब पैसे नकोत, त्या ड्रायव्हरचा पण डोळा काढा. मला तो माणूस चुकीचा वाटला नाही. पण दाव्यात मांडायचं काय, तर औषधोपचाराचा खर्च, वेदना, बुडालेली मजुरी, पुढं बुडणारं उत्पन्न. आणि पुढे कधीतरी मिश्ना वाचायला घेतली (भाषांतरातूनच वाचतो, हिब्रू येत असल्याचा दावा मी कधीच केलेला नाही) तर त्यातल्या बावा कामा या नुकसानभरपाईवरच्या भागातल्या आठव्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत हीच यादी, इ.स. २०० च्या सुमाराला संकलित झालेली! शरीराचं नुकसान, वेदना, औषधोपचार, काम बुडाल्याची भरपाई आणि पाचवी गोष्ट, जी आमच्या अर्जात वेगळी मागता येत नाही, झालेल्या अपमानाची भरपाई. काम बुडाल्याचा हिशोब कसा करायचा तेही तिथं आहे, काकडीच्या मळ्यावर राखणदार बसवला तर त्याला जी मजुरी मिळेल त्या दरानं, कारण हाताची किंमत आधीच पहिल्या सदरात वसूल झालेली आहे, दोनदा घ्यायची नाही. ज्यानं एकदा तरी क्लेमचा तक्ता भरलाय त्याला कळेल की हे लिहिणारे लोक पळवाट शोधत नव्हते, रोज समोर येणारी माणसं बघत होते.

आणि सोय कोणाची हो? पैसे जखमी माणसाला जायचे, रब्बीच्या खिशात नाही.

बरं, त्यांनी हा अर्थ हवेतून काढला का? मूळ मजकूर तुम्ही एका श्लोकापुरता वाचलेला दिसतोय. तोरातल्या निर्गम या पुस्तकात २१:२४ मध्ये (अध्याय २१, श्लोक २४) डोळ्याबद्दल डोळा आहे, कबूल. (पुढं येणारी लेवीय, गणना, अनुवाद हीसुद्धा तोरातलीच पुस्तकं.) पण त्याच अध्यायात थोडं वर, १८ आणि १९ मध्ये, मारामारीत एखादा अंथरुणाला खिळला तर मारणाऱ्यानं त्याच्या बुडालेल्या वेळेचे आणि उपचाराचे पैसे भरावेत असं लिहिलंय. लेवीय २४:१८ मध्ये तर कोणी दुसऱ्याचं जनावर मारलं तर भरपाई द्यावी, 'जिवाबद्दल जीव', म्हणजे अगदी तीच घडण आणि अर्थ सरळसरळ भरपाई. गणना ३५:३१ मध्ये खुन्याच्या जिवाच्या बदल्यात पैसे घेऊ नका अशी ताकीद आहे, त्यावर रब्बी म्हणतात, ज्या अर्थी ही मनाई फक्त जिवासाठी केली त्या अर्थी अवयवासाठी पैसे घेता येतात. पटो न पटो, हा कायद्याचा युक्तिवाद आहे, कोर्टात रोज असेच होतात.

मग तालमूदमध्ये (मिश्नावरच्या नंतरच्या चर्चांच्या ग्रंथात) यावर पानंच्या पानं वाद. एक विचारतो, आंधळ्यानं कोणाचा डोळा फोडला तर त्याचं काय काढणार? दुसरा म्हणतो, एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी होणार? तिसरा, डोळा काढताना माणूस मेला तर डोळ्याबद्दल डोळा आणि जीव असं होईल, त्याचं काय? यातल्या बऱ्याच दाखल्यांवर तिथंच लगेच आक्षेपही घेतलेत. रब्बी एलिएझर म्हणतात, नाही, खरोखर डोळाच. हे मत पुढच्यांनी पुसलं नाही, त्याचा वेगळा अर्थ लावायची खटपट केली पण ठेवलं. सोयीनं कायदा वाकवणारे लोक आपल्याच ग्रंथात विरोधी मत जपून ठेवत नाहीत हो, किमान माझ्या पाहण्यात तरी नाहीत.

तुम्ही खरं तर वेगळा प्रश्न विचारायला हवा होता. पैसे भरून सुटका होत असेल तर श्रीमंताला डोळे फोडणं परवडेल की! त्यावर मिश्नाच्या त्याच आठव्या अध्यायात लिहिलंय की पूर्ण पैसे भरले तरी जखमी माणसाची क्षमा मागेपर्यंत माफी नाही. आणि तिथलीच रब्बी अकिवांची गोष्ट. एकानं भर बाजारात एका बाईच्या डोक्यावरचं वस्त्र काढलं, अकिवांनी ४०० झूझ (तेव्हाची चांदीची नाणी) दंड लावला. त्यानं मुदत मागितली, मिळाली. मग त्यानं साक्षीदार उभे केले आणि तिच्या अंगणाच्या दारात चवलीभर तेलाचं भांडं फोडलं. तिनं स्वतःच डोकं उघडं केलं, तेल हातानं गोळा करून केसांना लावायला लागली. हा विजयी मुद्रेनं परत, एवढ्याशा तेलासाठी जी आपण होऊन डोकं उघडं करते तिला मी ४०० द्यायचे? अकिवा म्हणाले, तुझ्या बोलण्यात काही दम नाही, स्वतःला इजा करणारा सुटेल, दुसऱ्याला करणारा नाही. त्याच ठिकाणी ते म्हणतात की गरिबातल्या गरिबालाही मालमत्ता गमावलेला स्वतंत्र माणूस समजायचं, कारण सगळे अब्राहाम, इसहाक, याकोबाची लेकरं.

आता तुमचा हम्मुराबी काढा. १९०१ साली सुसा इथं सापडलेला, आज लूव्रमध्ये असलेला तो काळा दगड. त्यात बड्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा, सामान्याचा फोडला तर एक मिना (त्या काळचं वजन) चांदी, गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे. तोरामध्ये मालकानं गुलामाचा डोळा फोडला तर गुलाम मोकळा. हम्मुराबीत घर पडून घरमालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला ठार मारायचं, अनुवाद २४:१६ म्हणतं मुलांच्या गुन्ह्यासाठी बाप नाही आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलं नाहीत. शिंग मारणाऱ्या बैलाचे नियम सारखे आहेत, ते मी लेखात लिहिलं होतं, तुम्ही वाचलं नसेल. आणि गंमत म्हणजे एश्नुन्ना या मेसोपोटेमियातल्या नगराचे कायदे हम्मुराबीच्याही आधीचे, त्यात डोळ्याला एक मिना चांदी, म्हणजे पैशांची पद्धत डोळ्याबद्दल डोळ्यापेक्षा जुनी. मग कॉपी नेमकी कशाची?

बेने इस्रायलींबद्दल. हो, १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळानं त्यांच्या लग्नाआधी वंशाची चौकशी करायचा आदेश काढला, हो, १९६४ मध्ये त्यांना त्याविरुद्ध आंदोलन करावं लागलं आणि शेवटी क्नेसेटनं (इस्रायलच्या संसदेनं) ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं जाहीर केलं. कोकणातून गेलेल्या आपल्या माणसांचा तो अपमानच होता. पण माझा लेख मिश्नाबद्दल होता, विसाव्या शतकातल्या एका सरकारी धर्मपीठाबद्दल नाही. तो विषय मोठा आहे, स्वतंत्र लिहीन. 'मुद्दाम गाळलं' हा आरोप मात्र तुमच्या स्वभावातून आलाय, माझ्या लेखातून नाही.

गुगलच्या साथीबद्दल काही लिहीत नाही, वर पुरेसं झालंय. जोसेफसचं वाक्य मूळ लेखात जोडतोय, पूर्ण वाक्य, तुमच्या टोपणनावाच्या उल्लेखासकट. पुढची कमेंट संदर्भ देऊन केलीत तर लगेच अप्रूव्ह करीन, नुसतेच टोमणे असतील तर पेंडिंगमध्ये पडून राहील.