लसूण-हिरड्याने म्हशीचा मिथेन ९० टक्के घटत नाही

शहापूर-मुरबाडच्या गोठ्यांपासून भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांपर्यंत एक संदेश फिरतोय: "म्हशीला रोज मूठभर लसूण आणि हिरड्याची पूड द्या. शेपटीखालून निघणारा मिथेन ९० टक्के घटेल, दूध २ लिटरने वाढेल. झाडपाल्याचं आहे, अपाय नाही."

शेपटीखालून? कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना हायड्रोजन सुटतो, तिथले सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. हा वायू बहुतेक सगळा ढेकरांवाटे, तोंडानाकातून जातो.

९० टक्के हा फार तर बाटलीतला आकडा. प्रयोगशाळेत थोड्याशा कोटीपोटरसात लसणाचा अर्क घातला की मिथेन झपाट्याने उतरतो. म्हशीच्या पोटात लाळ सतत येत राहते, रस पुढे वाहून जातो, आणि काही आठवड्यांत सूक्ष्मजीव त्या घटकांना सरावतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचं 'हरित धारा' हे पूरक खाद्य टॅनिन (हिरड्यातही असतो तो तुरट घटक) असलेल्या वनस्पतींपासूनच केलंय. दिवसाला ५०० ग्रॅम दिल्यावर घट सांगितली जाते १७ ते २० टक्के. ८० टक्क्यांपुढची घट जनावरांत दिसली ती अ‍ॅस्परागॉप्सिस या लाल समुद्री शेवाळाने. त्यातलं मिथेन रोखणारं ब्रोमोफॉर्म लसणातही नाही, हिरड्यातही नाही.

दुधाचा हिशेब मांडूनच बघा. म्हशीचं दिवसाचं १३ किलो कोरडं खाद्य म्हणजे साधारण २४० मेगाज्यूल ऊर्जा. त्यातली ६ टक्के, म्हणजे १४ मेगाज्यूल, मिथेनात जाते. ती २० टक्क्यांनी वाचली तर हाती ३ मेगाज्यूलही येत नाहीत. ही सगळी बचत दुधात उतरली, तरी एक लिटरसुद्धा होत नाही.

अपाय मात्र होऊ शकतो. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं. कोरड्या खाद्याच्या ५ टक्क्यांपुढे गेलं की म्हैस खाणं कमी करते, तंतू पचत नाहीत, शेणात पेंढ्याचे लांब तुकडे दिसू लागतात. हिरड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा टॅनिनच असतो. एका मुठीने ही मर्यादा ओलांडत नाही, पण 'अपाय नाही' म्हणून माप वाढवत नेणं धोक्याचं. लसणाचा वास तर थेट दुधात उतरतो. द्यायचाच असेल तर धार काढल्यावर द्या, आणि कुठलीही पूड १० ते १४ दिवसांत हळूहळू वाढवा.

खरी गळती आहे ती नुसत्या भाताच्या पेंढ्यात. पचन कमी, दूध कमी, म्हणून लिटरमागे मिथेन जास्त. पेंढा नीट पचावा म्हणून १०० किलो पेंढ्यावर ५० लिटर पाण्यात विरघळवलेला ४ किलो युरिया थराथराने शिंपडा. प्रत्येक थर पायाने दाबा, वर प्लास्टिक अंथरून कडा मातीने बंद करा. २१ दिवसांनी उघडा. हवा आत शिरलेली असेल तर बुरशी दिसेल, तो भाग फेकून द्या. लागेल तेवढाच पेंढा काढून तासभर पसरून ठेवा, अमोनियाचा उग्र वास उडाला की मगच गव्हाणीत टाका. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा नको, आणि युरियाचं पाणी कुठल्याही जनावराच्या तोंडी लागू देऊ नका.