उन्हाच्या नावावर

आमच्याकडे नदीचं नावच तापी. पुराणात ती सूर्याची लेक, आणि बाप दर उन्हाळ्यात लेकीकडे मुक्कामाला येतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकला की खानदेशात कोणत्याच गोष्टीचं वेगळं कारण शोधायची गरज उरत नाही. दूध नासलं, ऊन. इन्व्हर्टर बसला, ऊन. लग्नात व्याही फुगून बसले, त्यांना ऊन लागलं असेल. अशा मुलखात माझी गाडी तापायला लागली, तेव्हा तिचं कारण कोण शोधणार?

पहिल्यांदा तापली ती मे महिन्यात. धुळ्याला लग्न, मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. (असे मुहूर्त काढणाऱ्यांना स्वतः मांडवात बसावं लागत नाही का, हा माझा जुना प्रश्न आहे.) नऊला जळगाव सोडलं. बांभोरीचा गिरणेचा पूल गेला, पाळधी गेलं, एरंडोल गेलं आणि पारोळ्याच्या अलीकडे टेम्परेचरचा काटा, जो बारा वर्षं मधोमध मांडी घालून बसला होता, तो उठून वर निघाला.

मला गाडीतलं एकच ज्ञान आहे, आणि तेही कधीतरी रविवारच्या पुरवणीत वाचलेलं. इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून हीटर फुल करायचा. हीटर म्हणजे आतल्या बाजूला बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि ती उष्णता गाडीच्या आत येते, म्हणजे इंजिनवरचा भार थोडा कमी होतो. कुठे कमी होतो, ते त्या पुरवणीत दिलेलं होतं. कुठे वाढतो, ते दिलेलं नव्हतं. बाहेर पेटलेलं आभाळ, काचा खाली, आणि समोरच्या जाळीतून भडभुंज्याच्या भट्टीचा वारा. बायकोने शालूचा पदर तोंडावर घेतला. मागच्या सीटवरून आईने अगदी शांतपणे विचारलं, "काही चुकलं का रे माझं?"

शेवटी एका रसवंतीपाशी थांबलो. बॉनेट उघडलं आणि वाफेचा लोट निघाला. बंद पडलेल्या गाडीचं उघडं बॉनेट दिसलं की आपल्याकडे माणसं कुठून येतात, हे एक गूढ आहे. रस्त्यावर मघापर्यंत कुत्रं नव्हतं, आणि आता सात जण वाकून इंजिनात पाहत होते. "बेल्ट गेला," एक म्हणाला. "वॉटर पंप," दुसरा म्हणाला. तिसऱ्याने काही न बोलता रुमाल हातावर गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात टोपीवाल्या एका आजोबांनी त्याचं मनगट धरलं.

"झाकण नको उघाडू भो, तोंड भाजी जाई."

आजोबांनी आमचं एक सबंध लग्न वाचवलं. त्या झाकणाच्या आत जवळजवळ एक बारचा जादा दाब धरलेला असतो. प्रेशर कुकरसारखा. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण झाकण सैल केलं की दाब जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि समोर जे तोंड असेल त्यावर येतं. कुकरची शिट्टी पडेपर्यंत थांबणारी माणसं रेडिएटरपाशी का घाई करतात, कळत नाही.

पाऊण तास बसलो. सहा ग्लास रस झाला. मी आजोबांना विचारलं, "काय झालं असेल हो?" त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कीव जरा माझ्याच वाट्याला जास्त आली.

"आते मानूस तापी राह्यना, गाडी काय करी?"

निदान झालं. पुढचे सात महिने मी या निदानावर काढले.

तसे मिस्तरीही पाहिले, नाही असं नाही. तिघं पाहिले. पहिल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. "हा पार्ट थंड मुलखासाठी असतो साहेब, आपल्याकडे काय काम?" मला ते एकदम पटलं. स्वेटर काढून ठेवावा तसं वाटलं. खरं तर ती एक साधीशी झडप असते. आत मेण असतं, ते ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास वितळून फुगतं आणि रेडिएटरकडची वाट उघडतं. इंजिनला गार नव्हे, ठरावीक तापमानाला ठेवायचं असतं. त्याची तब्येत नव्वदच्या आसपासच बरी असते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी त्याला वर चहा पाजला.

दुसऱ्याने पंखा डायरेक्ट केला. म्हणजे सेन्सर, रिले वगैरे मध्यस्थ बाजूला सारून वायर थेट जोडली. चावी फिरवली की पंखा चालू. मांडवातल्या कूलरसारखा, कुणाला हवा लागो न लागो. तिसरा थोडा गंभीर होता. त्याने ऑइलची पट्टी ओढून काढली, उजेडात धरली आणि म्हणाला, "इंजिनचं हेड गेलं असतं तर ऑइलात पाणी मिसळून हे दुधाच्या चहासारखं झालं असतं." ऑइल काळंकुट्ट होतं. कोऱ्या चहाने मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. मग त्यानेही बाहेर पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "ऊनच आहे हो."

एका गोष्टीवर मात्र तिघांचंही एकमत होतं. पाणी कमी होऊ द्यायचं नाही, आणि नळाचं नको, बोअरचं तर नकोच, आरओचं टाका. मी ते व्रतासारखं पाळलं. तसा माझा आधीपासूनच दोन वर्षांचा नेम होता. डिकीत पाच लिटरचा कॅन कायम भरलेला. आरओच्या पाण्याचा. दर रविवारी सकाळी मी स्वतः रेडिएटर भरायचो आणि बिल्डिंगमधल्या चौघांना सांगायचो की गाडीची काळजी ही अशी घ्यावी लागते.

पावसाळ्यात गाडी तापली नाही. मी तेव्हा गावातल्या गावातच फिरवत होतो, पण ते कोण लक्षात घेतो? ऊन गेलं, आजार गेला.

मग आला डिसेंबर. खानदेशात डिसेंबर म्हणजे भरीत पार्टी. बामणोदच्या बाजूला एका मित्राच्या शेतात बेत होता. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, वर कांद्याची पात, बरोबर पुऱ्या आणि कळण्याची भाकरी. संध्याकाळी निघालो. अंगात स्वेटर, कानाला मफलर, थंडी अशी की बायकोने मागच्या सीटवर शाल ठेवलेली. भुसावळपर्यंतच्या चौपदरी रस्त्यावर मी जरा दामटली. तापीचा पूल ओलांडला, दोन्हीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या, लांब सातपुड्याची रेघ दिसली आणि काटा वर गेला.

वाफ निघाली. थंडीत ती आणखीच दाट दिसते.

मित्राचा ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओढत फाट्यावरच्या मिस्तरीकडे घेऊन गेला. मिस्तरी वयस्कर, माकडटोपी घातलेले, शेकोटीपाशी बसून चहा पीत होते.

"काय झालं?"

"तापते हो. ऊन..." मी सवयीने म्हणालो.

त्यांनी माझ्या मफलरकडे पाहिलं. मग स्वेटरकडे पाहिलं. चहाचा एक घोट घेतला. माझा सात महिन्यांचा आधार त्या एका घोटात गेला.

"गावात तापते का रोडवर?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. "रोडवर. गावात काहीच होत नाही."

"मग पंखा नाही." ते उठले. गावात, सिग्नलला उभी राहून तापली तर पंख्यावर संशय घ्यायचा. रोडवर समोरून वारा मिळतोच, तिथे तापते म्हणजे पाणीच फिरत नाही. हे त्यांनी बॉनेट उघडता उघडता सांगितलं, नाडी पाहताना वैद्य पुटपुटतो तसं. गाडी थोडी निवल्यावर त्यांनी वरचा होस पाइप चाचपला, मग खालचा. वरचा चटका देणारा, खालचा जवळजवळ गार. "थर्मोस्टॅट अडकला असेल," म्हणत त्यांनी त्याचं घर उघडलं. आत बिऱ्हाडच नव्हतं. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी केळीच्या बागेकडे पाहिलं.

मग तळवा रेडिएटरच्या जाळीवरून हळूहळू फिरवत नेला. एका पट्ट्यावर थांबले. "इथे हात ठेवा." गार. शेजारी गरम. पुन्हा गार. अर्ध्या नळ्यांमधून पाणी जातच नव्हतं. खालचा पाइप काढल्यावर तांबूस पाणी आलं, आणि त्यातून अंड्याच्या कवचासारखे पांढरे कपचे.

"पाणी कोणतं टाकता?"

"आरओचं!" मी छाती काढून म्हणालो.

"कोणत्या नळीचं?"

आता हे सांगायलाच हवं. आमच्या आरओच्या मशीनला दोन नळ्या आहेत. एकीतून पिण्याचं पाणी येतं. दुसरीतून मोरीत जाणारं. ते वाया जाताना पाहून माझा जीव तुटायचा. म्हणून मी त्याखाली कॅन लावला होता. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात मी थेंब न् थेंब वाचवत होतो. पिण्याच्या पाण्यातून बाजूला काढलेला सगळा क्षार मी दोन वर्षं, न चुकता, दर रविवारी रेडिएटरात ओतत होतो.

"मी ते पाणी तुळशीला घालत नाही," बायको मिस्तरींना म्हणाली. मला नव्हे.

पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून सळीने साफ करता यायचे. माझा ॲल्युमिनियमचा, वर प्लॅस्टिकची टाकी, तो बदलायचाच होता. थर्मोस्टॅट परत आणायचा, पंखा पुन्हा त्याच्या मध्यस्थांच्या हवाली करायचा, आणि पाण्याच्या जागी कुलंट, निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. "कुलंट म्हणजे थंड मुलखासाठी ना?" मी विचारलं. मिस्तरींनी उत्तर दिलं नाही. माकडटोपी तेवढी कानांवर आणखी खाली ओढली. कुलंटने पाण्याचा उकळण्याचा बिंदू वर जातो आणि आत गंज धरत नाही, हे नंतर मित्राने सांगितलं.

गाडी तिथेच ठेवून ट्रॅक्टरवर बसून शेतात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सगळ्या वर्षात गरम असायला हवी होती अशी एकच गोष्ट, आणि ते भरीत गार झालं होतं.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा धुळ्याला लग्न निघालं. मुद्दाम त्याच रसवंतीवर थांबलो. आजोबा तिथेच होते. गाडीला नव्हे, मला ओळखलं. उठून आले, बॉनेटवर हात ठेवला, वाकून काट्याकडे पाहिलं. काटा मधोमध मांडी घालून बसलेला. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

"आते तापस नई का हाई गाडी?"

"नाही बाबा."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इतला उन्हामा तापस नई? काईतरी बिघाड व्हई. दखाडी ल्या."