नुसतं पाणी पाजून मॅरेथॉन होते काय?

आज तालुक्याच्या मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढं एक पोट्टं बाभळीखाली मटकन बसलं. मांड्या थरथरत होत्या, नाव विचारलं तर सांगायला वेळ लागला. आणि माईकवाला बोंबलतोय, "जिगर पाहिजे, जिगर!" काऊन बे? जिगर होतीच. संपली होती ती साखर.

स्नायूंत 300 ते 500 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास, एवढाच साखरेचा साठा अंगात असतो. 42 किलोमीटर वेगात काढायला तो पुरत नाही. 1924 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तर गळालेल्यांची साखर तळाला गेलेली. पुढच्या वर्षी वाटेत गोड गोळ्या दिल्या आणि फरक दिसला. शंभर वर्षं झाली याला! आपल्या टेबलावर अजून पाण्याचे पाऊच.

बरं, त्या पोट्ट्याला मग कुणीतरी ग्लुकोजची अख्खी पुडी अर्ध्या ग्लासात कालवून पाजली. पाच मिनिटांत ओकला. ओकणारच. एवढं घट्ट पाणी जठरातून पुढं सरकत नाही, आतड्यात गेलं तर अंगातलंच पाणी तिकडं ओढतं. मग कळा, जुलाब.

एक लिटर पाणी, 60 ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, अर्धं लिंबू. बस. अर्ध्या तासानंतर सुरू करायचं आणि दर वीस मिनिटांनी 150 ते 200 मिली. यातून तासाला तीसेक ग्रॅम मिळतात, मध्ये एक केळं खाल्लं की पन्नासच्या पुढं. एक ते अडीच तासांच्या धावेला तासाला 30 ते 60 ग्रॅम चालतात, त्याहून लांब असेल तर 90 पर्यंत. पण 90 नुसत्या ग्लुकोजनं जमत नाही. आतड्यातून रक्तात जायचं त्याचं फाटक तासाला 60 च्या आसपास तुंबतं. फ्रुक्टोजचं फाटक वेगळं, आणि आपल्या साध्या साखरेत दोन्ही अर्धं-अर्धं असतं. म्हणून महागड्या एनर्जी पावडरच्या डब्याच्या मागं लागू नका.

भरतीवाल्या पोट्ट्यांनो, 1600 मीटरला यातलं काहीच लागत नाही. ग्राउंडवर जेबातून ग्लुकोज काढून फक्के मारता ते बंद करा.

सकाळी उपाशी हळू धावणं चालतं, मान्य. शर्यतीच्या दिवशी नाही. डायबेटिस असेल त्यानं डॉक्टरला विचारावं.

आजच्या गड्यानं, त्याचा दोस्त सांगत होता, पहाटे तर्री-पोहे हाणले होते. एवढं तेल-तिखट पोटात घेऊन कोण धावतं बाप्पा? पण त्याला तरी काय बोलायचं, सांगणारं कोण होतं? तीन तास आधी साधा भात नाहीतर गूळ-पोळी खायची, डाळ-भाजी कमी.

आणि हे साखर-मिठाचं पाणी थेट शर्यतीत पिऊ नका. आतड्यालाही सवय लागते. रविवारच्या लांब धावेला तासाला 30 ग्रॅमपासून सुरू करा, पोट कुरकुरलं नाही तर दर आठवड्याला दहा ग्रॅम वाढवा. किराणावाल्याकडून 60-60 ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्या. चमच्याचा अंदाज हमखास चुकतो, कारण आपल्याकडं चमचा शिगोशीग भरायची सवय आहे.