पदविकेच्या नवागतांस उपदेशाचे चार शब्द

दहावीचा निकाल, केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, जातवैधता, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर या दाखल्यांसाठीच्या रांगा पार करून अखेर तुम्ही तंत्रनिकेतनाच्या दारात पोहोचलात, याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. शाखा यंत्र असो, विद्युत असो की स्थापत्य, पुढील सहा सत्रे तुम्हाला एकच गोष्ट आत्मसात करायची आहे आणि ती माहितीपुस्तिकेत छापलेली नसल्यामुळे येथे सांगणे भाग आहे. तंत्रशिक्षण घेतले म्हणजे काय केले, हे महत्त्वाचे नसून ते घेतल्याची सही कोणत्या पानावर, कोणत्या तारखेला आणि कोणाकडून मिळाली, हे महत्त्वाचे आहे. ज्याला हे पहिल्या महिन्यात उमगते त्याची पदविका सुखाने पूर्ण होते. ज्याला तिसऱ्या वर्षीही उमगत नाही, तो ग्रंथालयात बसून पुस्तके वाचताना आढळतो.

प्रवेशाच्या दिवशी तुमच्यापुढे हमीपत्रांचा एक गठ्ठा ठेवला जाईल. गणवेश वापरीन, वर्गात मोबाइल आणणार नाही, हजेरी पूर्ण ठेवीन, संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान करणार नाही, अशा अनेक प्रतिज्ञा त्यात असतात. त्या वाचण्याचा आग्रह धरू नये, कारण मागे रांग असते आणि खिडकीतील लिपिकाला जेवणाची सुट्टी असते. त्यांतले एकच पत्र खरोखर वाचण्याजोगे असते, ते रॅगिंगविरोधी. महाराष्ट्रात त्याविषयीचा कायदा 1999 पासून अस्तित्वात आहे आणि तो तुमच्या बाजूचा आहे. परंतु नेमके तेच पत्र गठ्ठ्याच्या तळाशी असते, आणि तेथे पोहोचेपर्यंत तुमचा हात फक्त सही करण्याच्या लयीत आलेला असतो.

हजेरीचा नियम 75 टक्क्यांचा आहे. महिनाअखेरीस सूचनाफलकावर ‘डिफॉल्टर’ विद्यार्थ्यांची यादी लागते आणि यादीतल्यांच्या पालकांना भेटीस बोलावले जाते. मग एखाद्या कारखान्यातला कामगार आपली एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने दोन तालुके ओलांडून, विभागप्रमुखांच्या खोलीबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसतो. आपला मुलगा वर्गात बसत नाही, ही वार्ता त्याला तेथे ऐकवली जाते. मुलगा शेजारीच उभा असतो. वडिलांना सोबत करण्यासाठी त्याने त्या दिवसाचे प्रात्यक्षिक बुडवलेले असते आणि त्याची नोंद पुढच्या यादीत होते. आजारपणाचा दाखला आणणार असाल तर त्यावर टायफॉइड किंवा कावीळ असावी. साध्या तापाने टक्केवारी वाढत नाही. येथे एक शंका तुमच्या मनात येईल, ती तेथेच गिळून टाकावी. ज्या विषयाच्या शिक्षकाचे पद रिक्त आहे, तासिका तत्त्वावर नेमलेले गृहस्थ दिवाळीनंतर रुजू होणार आहेत, त्या विषयाच्या हजेरीचे काय? पद रिक्त असले तरी हजेरीपत्रक रिक्त राहत नाही, एवढे जाणून स्वस्थ राहावे.

यानंतर अभियांत्रिकी चित्रकला. त्यासाठी मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग बोर्ड, 2एच आणि एचबी पेन्सिली व शीट ठेवण्याची काळी नळी लागते. यांपैकी बरेचसे साहित्य दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून निम्म्या किमतीत मिळते. ड्राफ्टरचा एक स्क्रू ढिला असेल, पण त्याने बिघडत नाही, कारण त्याचा उपयोग खांद्यावर अडकवून बसमध्ये चढण्यापुरताच होणार आहे. शीट काढण्याची खरी पद्धत ‘जीटी’, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, ही आहे. दोन खुर्च्यांच्या पाठींवर खिडकीची काच आडवी टाकावी, खाली ट्यूबलाइट किंवा टेबललॅम्प ठेवावा, वर्गातल्या हुशार मुलीची तपासून झालेली शीट काचेवर चिकटपट्टीने बसवावी आणि तिच्यावर आपली कोरी शीट पसरावी. मग प्रकाशाने जे दाखवले तेवढेच गिरवावे. वसतिगृहाच्या एका खोलीत एका रात्रीत आठ जणांच्या शीटा अशा रीतीने पूर्ण होतात.

आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेपण वापरतात. त्यामुळे वस्तूचे वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते, आणि असे का, हा प्रश्न कोणत्याही नवशिक्याला पडायला हवा. वस्तू आपल्या आणि पडद्याच्या मध्ये आहे, हे एकदा डोळ्यांपुढे आले की उत्तर दोन मिनिटांत सापडते आणि मग आयुष्यभर कोणतेही ड्रॉइंग वाचता येते. काचेवर गिरवणाऱ्याला हा प्रश्न पडण्याचा धोका नसतो. त्या हुशार मुलीने घाईत एक तुटक रेषा सोडली असेल, तर ती आठही शीटांमध्ये सुटलेली असते आणि पुढच्या वर्षीच्या बॅचमध्येही सुटते. तपासणाऱ्यांना हे कळते, असे काही जण सांगतात. परंतु त्यांच्यापुढे साठ शीटांची चळत आणि सहीसाठी साठ हात असतात, आणि सत्र संपायला दोन दिवस उरलेले असतात. म्हणून ते प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात तारीख घालतात, तीच शीट पुढच्या वर्षी कोणी पुन्हा सादर करू नये म्हणून लाल पेनाने एक आडवी रेघ मारतात आणि पुढे सरकतात.

प्रयोगशाळेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तुमचे बहुतेक गुण तेथेच ठरतात. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाने प्रत्येक विषयाचे प्रयोगपुस्तक छापून दिलेले आहे. त्यात उद्दिष्ट, साहित्य आणि कृती तयारच असते, तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरायच्या असतात. ही सोय विद्यार्थ्याचा वेळ वाचावा म्हणून केलेली असावी, आणि वाचलेला वेळ तो त्याच रिकाम्या जागा मित्राच्या पुस्तकातून उतरवण्यात खर्च करतो. माइल्ड स्टीलच्या सळईची ताणचाचणी हे उदाहरण घ्या. यूटीएम (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) नावाचे, सळई ताणून तोडणारे ते उंच यंत्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली उभे असते. ते दुरुस्त असते तेव्हा भांडारातून सळया आलेल्या नसतात, आणि सळया येतात तेव्हा त्याच्या तेलाची गळती सुरू झालेली असते. तरीही दरवर्षी शेकडो पुस्तकांत सळया तुटतात, त्यांना मान पडते, म्हणजे तुटण्याआधी त्या एका जागी बारीक होतात, आणि तुटलेल्या टोकांचे पेला-शंकूचे आकार पेन्सिलीने छायांकित केले जातात.

ही किमया उलट गणिताने साधते. सळईचा व्यास 12 मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस मिलिमीटर येते. पुस्तकात अंतिम ताण 410 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दिलेला आहे. दोहोंचा गुणाकार केला की भार 46.3 किलोन्यूटन निघतो, आणि वाचन म्हणून तो लिहून टाकता येतो. मात्र नेमका 46.3 लिहिण्याचा मूर्खपणा करू नये. वास्तवाला थोडी चूक शोभून दिसते. एका बॅचने 45.8 लिहावे, दुसऱ्या बॅचने 46.9, आणि तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाह्य परीक्षकांनी फरकाचे कारण विचारल्यास ‘ऑब्झर्वेशनल एरर सर’ असे नम्रपणे सांगावे. निरीक्षणच झालेले नसल्यामुळे हे उत्तर असत्य म्हणता येत नाही. गंमत अशी की हे उलट गणित करायला ताण, भार आणि क्षेत्रफळ यांचा संबंध समजावाच लागतो, आणि त्यामुळे या विद्येत पारंगत झालेला विद्यार्थी प्रामाणिक विद्यार्थ्याइतकाच नव्हे, तर कधी कधी त्याहून जास्त शिकतो. म्हणून शेवटच्या बाकावरच्या आळशी मुलांना सावध करणे आवश्यक वाटते. वाचने स्वतः बनवू नयेत, सरळ उतरवून घ्यावीत, अन्यथा ज्ञान चिकटण्याची शक्यता आहे.

सबमिशनच्या आठवड्यात कॉलेजचा चेहरामोहरा बदलतो. एरवी ओस पडलेल्या व्हरांड्यांत विद्यार्थी मांडी घालून अनुक्रमणिका भरताना दिसतात. अनुक्रमणिकेत तारखा भरताना पंचांग जवळ बाळगावे. गणेशचतुर्थीला केलेला प्रयोग, रविवारी वळवलेला जॉब (कार्यशाळेत घडवायचा तुकडा) आणि 31 सप्टेंबरला घेतलेले वाचन यांवर सही मिळण्यास अडचण येते, निदान सकाळच्या वेळी. दुपारी चारनंतर मिळून जाते. प्रमाणपत्राच्या पानावर विषयशिक्षक, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तीन सह्या लागतात. विषयशिक्षक चहाला गेले असतील तर त्यांच्यामागे चहाच्या टपरीपर्यंत जावे, पण तेथे पुस्तक पुढे करू नये. ते पैसे देत असताना ‘सर, मी देतो’ म्हणण्याचाही मोह टाळावा. त्याचा उपयोग होत नाही आणि पाहणारे पुष्कळ असतात.

कार्यशाळेत मात्र शिस्त कडक असते. ॲप्रन ठरलेल्या रंगाचा असावा, त्याच्या खिशावर संस्थेचे बोधचिन्ह असावे आणि तो प्रवेशद्वारासमोरच्या दुकानातून घेतलेला असावा. बोधचिन्ह नसलेल्या ॲप्रनला दंड आहे. पायांत बूट हवेत, आणि ते काळे आहेत की नाही हे रोज पाहिले जाते. त्यांचा तळ पातळ आहे की जाड, हे पाहिले जात नाही. पहिले सहा आठवडे तुम्ही व्हाइसमध्ये पकडलेल्या एका लोखंडी तुकड्यावर कानस चालवाल. मग तो तुकडा ट्राय स्क्वेअरला, म्हणजे काटकोन तपासण्याच्या गुण्याला, लावून उजेडाकडे धराल आणि धारेखालून प्रकाशाची फट दिसल्यावर पुन्हा कानस चालवाल. शपथेवर सांगतो, संपूर्ण अभ्यासक्रमात खोटे करता येत नाही असे हेच एक काम आहे, कारण फटीतून येणाऱ्या प्रकाशाला कोणाची सही चालत नाही. अर्थात येथेही बाजारातून तयार जॉब आणणारे कर्तबगार विद्यार्थी होऊन गेले आहेत.

लेथजवळ, म्हणजे जॉब फिरवून कापणाऱ्या यंत्राजवळ, सुरक्षेचा एक जुना फलक असतो. लेथवर किंवा ड्रिलवर काम करताना हातमोजे घालू नयेत, कारण फिरत्या जॉबमध्ये मोज्याचे टोक अडकले तर मागोमाग हात ओढला जातो. अंगठी, कडे आणि ओढणी काढून ठेवावी, केस बांधावेत. चकमधली, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यातली, चावी काढल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, नाहीतर ती चावी गोळीसारखी सुटते. या लेखातली एवढीच वाक्ये उपरोधाशिवाय लिहिली आहेत, ती तशीच वाचावीत. बहुतेक नियम कोणाच्या तरी सोयीसाठी केलेले असतात. हे नियम मात्र कोणाची तरी बोटे गेल्यावर लिहिले गेले आहेत. हा फलक सहसा लोखंडी कपाटाच्या मागे असतो. कपाटात दंडाची पावतीपुस्तके असल्यामुळे ते हलवता येत नाही.

वर्षातून एकदा देखरेख समिती येते. त्या दिवशी नळांना पाणी असते, यूटीएमचे आवरण धुऊन इस्त्री केलेले असते आणि तक्रारपेटीचे कुलूप सापडलेले असते. समितीतील सदस्याने ‘या विषयाची अभ्यासनिष्पत्ती काय?’ असे विचारल्यास वर्गात भिंतीवर डकवलेल्या तक्त्याकडे पाहून उत्तर द्यावे. तो तक्ता आदल्या सायंकाळी लावलेला असतो आणि डिंक ओला असल्यामुळे त्याला हात लावू नये. पुढे तुमच्याकडून एक प्रश्नावली भरून घेतील, ज्यात अध्यापनाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. तुम्ही पाच द्याल. तीन दिल्यास काय होते याबद्दल नियमावलीत काही म्हटलेले नाही, आणि ज्याविषयी नियमावली गप्प असते त्याविषयी सर्वांत जास्त सावध राहावे.

सूक्ष्मप्रकल्पाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. चौघांच्या गटात एकजण छपाईचे पैसे देतो, एकजण टंकलेखन करतो, एकाचे नाव पहिले असते आणि चौथा सादरीकरणाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतो. मुखपृष्ठ चकचकीत असावे.

लेखी परीक्षेत सत्रान्त परीक्षेचे 70 आणि अंतर्गत मूल्यमापनाचे 30 असे शंभर गुण असतात, आणि त्यांतले 40 तुम्हाला पार नेतात. मंडळ जुन्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची आदर्श उत्तरे प्रसिद्ध करते, ही फार मोठी सोय आहे. आदर्श उत्तरे शब्दशः पाठ करावीत. परीक्षकालाही तेच शब्द ओळखीचे असतात आणि अनोळखी पण बरोबर उत्तर वाचण्यासाठी त्याला एका उत्तरपत्रिकेमागे जेवढा वेळ मिळतो, तेवढा पुरेसा नसतो. उपयोजनाचा एखादा प्रश्न अवचित आलाच तर बाहेर येऊन ‘पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता’ अशी सामूहिक तक्रार करण्याची प्रथा आहे. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर खचून जाऊ नये. हिवाळी परीक्षेत राहिलेला विषय उन्हाळी परीक्षेत काढता येतो, आणि उन्हाळीतला हिवाळीत.

आणि मग एके दिवशी तुम्ही उत्तीर्ण व्हाल. थेट दुसऱ्या वर्षाच्या अभियांत्रिकी प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल, दाखल्यासाठी ‘नो ड्यूज’ हवे, आणि त्यावर ग्रंथालय, जिमखाना, कार्यशाळा, प्रत्येक प्रयोगशाळा, लेखा विभाग व वसतिगृह यांच्या सह्या हव्यात. तुम्ही वसतिगृहात कधी पाऊल ठेवले नसेल, तरी ठेवले नसल्याचे अधीक्षकांनी लिहून द्यावे लागते. अधीक्षक सायंकाळी सहानंतर भेटतात आणि लेखा विभाग दुपारी तीनला बंद होतो, त्यामुळे हे काम एका दिवसात होईल असे समजून रिक्षा थांबवून ठेवू नये. ग्रंथालयाचे कार्ड हरवले असेल तर दंडाची पावती आधी फाडून घ्यावी, आणि फॉर्मची झेरॉक्स प्रत काढून मगच मूळ प्रत खिडकीत सरकवावी.